बावखलाचा पहिला घोट

अल मुंतझा, दोहा
४ ऑक्टोबर २०२४

डग्लसदादा,

अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, तेव्हा कागदाशिवाय इलाज नाही. आमच्या बिल्डिंगमधला विरारचा अभिजित सुट्टीवर निघालाय. त्याला बजावलंय, पत्र नोरावहिनीच्या नाही, दादाच्याच हातात द्यायचं.

काम असं आहे. इथल्या वसईकरांचा जानेवारीअखेर मेळावा आहे आणि भाषण माझं आहे. विषय मीच मागून घेतला: तळभाटचा इतिहास. अध्यक्ष म्हणाले, "रुथ, या वेळी जरा हलकंफुलकं घ्या." मी म्हटलं, हलकंफुलकं हवं असेल तर गाणारा बोलवा, मला कशाला बोलावता?

तर पुस्तकं काढून बसले. तुला माहीत आहे, मी अर्धवट वाचून व्यासपीठावर चढत नाही. किल्ला कुणी बांधला, कुणी घेतला, कुठल्या बुरुजावर कुणाच्या तोफा होत्या, सगळं सापडलं. तळभाट एका ओळीतसुद्धा सापडलं नाही. चारशे वर्षं ज्या गावानं केळी पिकवली, पानवेली चढवल्या, ज्याची पानं कराचीपर्यंत जात होती असं पप्पा सांगायचे, त्या गावाला इतिहास नाही? किल्ल्यात जेवणारे इतिहासात आणि त्यांना जेवू घालणारे बाहेर, हा कुठला न्याय? मी हे बोलणार आहे. पण नुसत्या संतापावर भाषण दहा मिनिटं टिकतं, पुढे माहिती लागते. आणि माहिती तुझ्याकडे आहे. मी सत्ताविसाव्या वर्षी विमानात बसले. तू तिथेच राहिलास.

म्हणून विचारते. आपलं बावखल कुणी खणलं? मी आजोबांचं नाव सांगत आले आहे, ते बरोबर आहे का? पानवेली कोणत्या वर्षी गेल्या? रहाटाला शेवटचा बैल कोणता? इथली निम्मी पोरं इथेच जन्मलेली. बावखल म्हणजे घरामागे खणलेलं, पावसावर भरणारं, वर्षभर बागेला पुरणारं गोडं तळं, इथपासून त्यांना सांगावं लागणार आहे.

जमेल तसं लिही. त्रोटक लिहिलंस तरी चालेल.

रुथ

ता.क. सिमोनाचं लग्न ठरलंय. मुलाचं नाव जॉर्डन, मूळचा मंगळुरूचा, इथे समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लँटवर इंजिनिअर आहे. ११ जानेवारीला, आपल्याच चर्चमध्ये. मामाला कळवायला हवं म्हणून कळवलं.


अल मुंतझा
१ नोव्हेंबर २०२४

दादा,

कॅलेंडरच्या पानामागे लिहिलेलं तुझं उत्तर अभिजितनं आणून दिलं. सप्टेंबर महिना. पाठीवर तुझं अक्षर, तसंच उजवीकडे झुकलेलं, वाऱ्यात केळी कलंडतात तसं. अलेक्स दुखानहून शिफ्ट करून आला होता, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्या भाषणापेक्षा हे बरं आहे." नवरा आहे म्हणून सोडून दिलं.

तू माझी चूक दुरुस्त केलीस. बावखल आजोबांनी खणलेलं नाही, जमीन फक्त त्यांची होती. खणलं सगळ्या आळीनं, प्रत्येक घराचा एक माणूस, रविवारची मिस्सा संपली की. रविवारी कुदळ उचलणं पाप, पण पाऊस जवळ आला होता म्हणून फादरांनी वेदीवरून परवानगी दिली. निघालेल्या मातीवर आपल्या आणि परेरांच्या घरांची जोती उभी राहिली. दादा, मी वर्षानुवर्षं आजोबांचं नाव घेऊन टाळ्या घेतल्या. यापुढे आळीचं नाव घेईन. टाळ्या जास्तच पडतील.

आणि बैलाचं नाव मेजर! मी पार विसरले होते. डोळ्यांवर झापड बांधलेला मेजर गोल गोल फिरायचा, आपण दोघं आडव्या लाकडावर बसायचो आणि तू त्याला सांगायचास, "मेजर, मुंबई आली." तो बिचारा कान हलवायचा.

सगळं लिहिलंस. लग्नाबद्दल एक अक्षर नाही.

ठीक आहे, मग मीच लिहिते. आदल्या संध्याकाळी, दहा तारखेला, आम्ही पाणी मागायला येणार. तुला रीत सांगायची गरज नाही, पण या पत्राचा उतारा मी भाषणात घेणार आहे, म्हणून सगळं लिहिते. नवरीची आई आळीतल्या बायका घेऊन, बँड लावून, रिकामी घागर घेऊन बावखलावर येते आणि तोंडानं पाणी मागते. मालकानं स्वतः पायऱ्या उतरायच्या. पहिली घागर त्यानं भरायची, सगळ्यांसमोर ओंजळभर पिऊन "गोड आहे, न्या" म्हणायचं आणि नवरीच्या घागरीत ओतायचं. त्या पाण्यानं सकाळी नवरीची आंघोळ. आणि मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. परेरा आणि आपण बांधावरून कोर्टात भांडत होतो तेव्हा पप्पांनी परेरांच्या मुलीला पाणी दिलंय. सकाळी तारीख, संध्याकाळी घागर. वकील म्हणे डोक्याला हात लावून बसला होता.

आळीत आता बावखल एकच उरलंय, तुझं. बाकीची बुजली, त्यांवर इमारती आल्या. सिमोना दोह्यात जन्मली, मराठी समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, पण या पाण्याची गोष्ट तिला पाचव्या वर्षापासून पाठ आहे. मेंदीबिंदी काही नको म्हणते. हे एवढंच हवं म्हणते.

सहा वर्षांपूर्वीच्या सभेबद्दल मी लिहिणार नव्हते. पण तू गप्प, मी गप्प, आणि मधे ती सभा बसलेली. मी टँकरवाल्यांविरुद्ध बोलले. उन्हाळ्यात बावखलं उपसून शहराला पाणी विकाल तर खालून समुद्र वर येईल, असं बोलले. तुझं नाव घेतलं नाही. लोकांनी माना तुझ्याकडे वळवल्या, कारण दोन उन्हाळे टँकर तुझ्या पायऱ्यांशी उभे राहत होते. बोलले ते खरं होतं. आजही खरं आहे. ते मागे घ्यायला मी लिहीत नाही, आणि तूही समजूत काढायला ये असं म्हणत नाही. घागरभर पाणी मागते.

रुथ


अल मुंतझा
२९ नोव्हेंबर २०२४

डग्लस,

आज दादा लिहीत नाही.

इथे सुट्टी शुक्रवारची, मिस्साही शुक्रवारीच. ती करून घरी आले तर नोरावहिनीचा फोन. इतक्या वर्षांनी पहिला. मला वाटलं, लग्नाची काय काय तयारी विचारेल.

"रुथबाय, पाणी आमच्याकडून होणार नाही."

"होणार नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही. चार बाटल्या विकत आणा, घागरीत ओता. हल्ली सगळे तेच करतात."

"वहिनी, दादाला फोन दे."

"ते गुरांकडे गेलेत."

"गुरं विकून दहा वर्षं झाली."

"मग बाजारात गेले असतील. ठेवू?"

आणि ठेवला. मागे तुझा खोकला ऐकू येत होता मला.

ऐक आता. बावखल तुझ्या सातबाऱ्यावर असेल, पण कुदळी आळीच्या होत्या हे तूच मला लिहून पाठवलंस. स्वतःच्या अक्षरात! मग तू कोण नाही म्हणणारा? पप्पांनी कोर्टातल्या वैऱ्याला पाणी दिलं आणि तू बहिणीच्या पोरीला बाटल्या सुचवतोस? टँकर आला तेव्हा नाही म्हणता आलं नाही तुला. त्याच्या पाइपाला बांध खुला, आणि नवरीच्या घागरीला बंद?

मी जगात खूप भांडले. पगारासाठी भांडले, कामावरच्या बायकांच्या सुट्टीसाठी भांडले, ज्यांची भाषा मला येत नाही त्यांच्यासाठी सुद्धा उभी राहिले. माझ्या ऑफिसातली नफिसा म्हणते, "रुथ बोलायला उठली की साहेब आधीच मान्य करून टाकतो." तिथे शब्द चालतात. आणि माझ्या जन्मगावात, माझ्या सख्ख्या भावापुढे माझा शब्द फोन ठेवण्याच्या लायकीचा?

माझ्यावर राग आहे तर माझ्यावर काढ. चर्चच्या पायऱ्यांवर उभं करून आळीसमोर बोल, मी ऐकून घेईन, उत्तरही देईन. पण तू राग काढतोयस तो रीतीवर. जी रीत दोन वैऱ्यांना एका संध्याकाळपुरतं माणूस करत होती तिच्यावर. ती मोडलीस तर मोडणारा पहिला तू असशील, आणि मेळाव्यात मी तेही सांगेन. नाव घेऊन सांगेन. या वेळी माना वळवायचा त्रास कुणाला पडणार नाही.

आम्ही दहा तारखेला येणार. घागर घेऊन पायरीवर उभ्या राहणार. तुला दार लावून घरात बसायचं असेल तर बस.

रुथ


अल मुंतझा
२० डिसेंबर २०२४

दादा,

मागचं पत्र पोहोचलं असेल. ते ठेव, फाडू नकोस. मी काय लिहिलं होतं ते मलाही आठवत राहायला हवं. पण हे त्याच्या वर ठेव.

सिमोना हॉलचं आणि चर्चच्या कागदांचं बघायला तिकडे गेली तेव्हा मी तिला निक्षून सांगितलं होतं, मामाच्या घरी जायचं नाही. ती अर्थात तुझ्याच घरी गेली. काल तिचा फोन आला. मी म्हटलं, "कुठे आहेस?" म्हणते, "मामाच्या ओट्यावर. सुकेळी खातेय." वाळवलेल्या केळ्याचा तुकडा तोंडात कोंबून बोलत होती, निम्मं कळत नव्हतं.

"मॉम, ही इज नॉट अँग्री."

"तुला काय माहीत? त्यानं पाणी नाकारलंय."

"ही टुक मी देअर. मला प्यायला लावलं. मॉम, इट्स सॉल्टी. प्रॉपर सॉल्टी."

जानेवारी यायचा आहे आणि आत्ताच खारं. मेमध्ये काय होत असेल?

मग तू तिच्याशी जे बोललास ते तिनं मला मराठीत सांगितलं. अडखळत, शब्द जोडत. ते इंग्रजीत सांगता येणार नाही असं तिला वाटलं असावं. "मामा म्हणाला, पोरी, तुझी आई बोलली तसंच झालं. आता मी सगळ्या आळीसमोर हे पिऊन गोड आहे म्हणू? खोटं बोलून तुझी आंघोळ घालू? की खारं आहे म्हणू आणि तुझ्या आईच्या भाषणाला शेवटची टाळी देऊ?"

दादा, मी रागाची उत्तरं देण्यात हुशार आहे. पण यात राग नव्हताच.

टँकर तू त्याच वर्षी बंद केलास हेही तिच्याकडूनच कळलं. सभेनंतर पंधरवड्यात. मला कुणी सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. पाणी मात्र परत आलं नाही, कारण आजूबाजूच्या इमारतींच्या बोअर चालूच आहेत. तू एकट्यानं थांबून काय होणार होतं? पण थांबलास.

विचित्र आहे बघ. आयुष्यभर वाचत आले की सत्य शेवटी जिंकतं. माझं सत्य जिंकलं. त्यानं तुझी केळी वाळवली, पायऱ्यांवर मिठाचा पांढरा पापुद्रा आणला, आणि माझ्या मुलीला तिच्या मामापासून तोडलं. बोलले ते चूक होतं असं मी अजूनही म्हणत नाही. पण मी बोलून विमानात बसले, आणि त्या खऱ्या शब्दांच्या शेजारी राहायला तू मागे राहिलास. इतिहासाच्या पुस्तकांवर माझा आक्षेप काय होता? लिहिणारे किल्ल्यावरून बघतात. मी तरी कुठून बघत होते?

सिमोनाला मी म्हटलं, राहू दे मग, बाटल्यांचं पाणी घेऊ. ती चिडली.

"मॉम, मी कुठल्या पाण्यात वाढले? दोह्यात नळाला काय येतं? समुद्रच ना? जॉर्डन क्लीन्स इट, दॅट्स ऑल. मामाला सांग, तुझा जावई खाऱ्या पाण्यावरच पोट भरतो."

"अगं, पण रीत..."

"रीत इज दॅट यू आस्क. सो आस्क. यल्ला, चल ना, मॉम!"

म्हणून विचारते. रीतीत थोडा फेर करू. पहिला घोट मालकानं घ्यायचा तो मी घेते. मागणारीनं चाखून घेतलं म्हणू. मी पिईन, काही बोलणार नाही आणि चेहराही हलवणार नाही. तुला "गोड आहे" म्हणायला नको आणि "खारं आहे" म्हणायलाही नको. तू नुसता पायऱ्या उतर आणि घागर भर. तेवढं कर.

तुझी,
रुथ


अल मुंतझा
२४ जानेवारी २०२५

दादा,

परवा परतलो. अलेक्स दुखानला गेला, सिमोना आणि जॉर्डन मुशैरिबजवळच्या त्यांच्या नव्या घरात पडदे लावतायत, आणि मी लिहायला बसले. हे पत्र तुला कशाला, तू तिथेच होतास, असं नोरावहिनी म्हणेल. पण तू खालच्या पायरीवर होतास, आमच्याकडे पाठ करून. वरून काय दिसलं ते तुला माहीत नाही.

आम्ही बांधावर पोहोचलो तेव्हा तू आधीच उभा होतास. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पप्पांचा असायचा तसा वरचं बटण लावलेला. बँडवाले थांबले. मी मागितलं. मोठ्या सभेत माइकशिवाय बोलणारी मी, "दादा, पाणी दे," एवढं म्हणायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. मागून परेरांची थोरली सून कुजबुजली, "आज हिला काय झालं?"

मी ओंजळ करून पुढे झाले. पत्रात लिहिल्याप्रमाणे पहिला घोट माझा. तू मान हलवलीस, नाही. पायऱ्या उतरलास, वाकलास, घागर बुडवलीस, आणि तिच्यातूनच ओंजळ भरून प्यालास. सावकाश, सगळं. मला वाटलं, आता हा "गोड आहे" म्हणेल, आणि सगळे चाखतील तेव्हा काय होईल?

तू म्हणालास, "खारं आहे. सहा वर्षं खारं आहे. मी उपसलं, बाकीच्यांनी पण उपसलं. हवं असेल तर न्या."

तुझी पाठ होती, तुला दिसलं नाही. मी आळीची तोंडं बघत होते. बहुतेकांच्या घरामागे बोअर आहे, दादा. आपल्या गल्लीत सगळ्यांनाच पाण्याची चव माहीत होती, फक्त मोठ्यानं कुणी म्हटलं नव्हतं. मी इतकी वर्षं भाषणं केली, पण लोकांना असं खाली बघायला लावता आलं नाही मला. माझ्या भाषणात ते तुझ्याकडे बघत होते. तुझ्या भाषणात आपापल्या पायांकडे बघत होते.

तेवढ्यात परेरांची माहेरी आलेली म्हातारी लेक, जिच्या लग्नाला पप्पांनी कोर्टातून येऊन पाणी दिलं होतं तीच, काठी आपटून ओरडली, "खारं तर खारं! पोरीला आंघोळ घालायचीय, पेज नाही शिजवायची! ओत!"

हसू फुटलं ते तू ऐकलंसच. बँडवाल्यानं घाईत चुकीचं गाणं सुरू केलं, नाताळचं, आणि कुणी थांबवलं नाही.

मग तू वर आलास. मी आमची घागर धरली होती. तू ओतायला लागलास आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "घट्ट धर."

सहा वर्षांनी तुझ्या तोंडून मला उद्देशून आलेले हे पहिले शब्द. मी घट्टच धरली होती. तरी तू पुन्हा म्हणालास, "रुथ, घट्ट धर, जड आहे."

दुसऱ्या दिवशी मांडवात किती लोक, किती जेवणं, कोण काय बोललं, काही आठवत नाही मला. सिमोना सकाळी न्हाऊन आली तेव्हा केस थोडे राठ झाले होते, ती आरशासमोर कुरकुरत होती, आणि जॉर्डन तिच्या कानात काहीतरी शास्त्रीय सांगत होता. तू बाहेर खुर्च्या मांडत होतास. निघताना मी तुझ्या हाताला हात लावला, तू फक्त "विमान किती वाजता?" एवढंच विचारलंस. मला पुरलं.

आता मेळावा. पुढच्या शुक्रवारी आहे. तळभाटचा इतिहास लिहून तयार आहे: आळीच्या कुदळी, फादरांची परवानगी, मेजर, कराचीची पानं. पायऱ्यांवरची ती संध्याकाळ मात्र मी लिहिलेली नाही. ती तुझी आहे. सांगू का? पत्र कुरिअरनं पाठवतेय, वहिनीच्या फोनवरून हो की नाही तेवढं कळव. नाही म्हणालास तर सांगणार नाही, आणि त्यावर वादही घालणार नाही. हो म्हणालास तर तुझेच शब्द सांगेन, माझा एकही न घालता. अवघड आहे मला, पण करेन.

नोरावहिनी सांगत होती, परेरांनी त्यांची बोअर या उन्हाळ्यात बंद ठेवायची ठरवलीय, आणि आणखी दोन घरं विचार करतायत. किती पावसाळे लागतील कुणास ठाऊक. कदाचित आपल्या हयातीत होणारही नाही. पण पावसाळा सरला की पायऱ्या उतर, ओंजळभर पी, आणि चव काय आहे ते मला लिही. गोड असेल तरच लिहायचं, असं करू नकोस.

तुझी,
रुथ